दोन फुटी समुद्राचा उजेड

चंद्रपुरात मी खाऱ्या पाण्यातले मासे विकायचो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर बघतो. खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक चाललेले असतात. त्याला वाटतं, म्हातारा मस्करी करून राह्यला. त्याचंही चुकत नाही. आमच्याकडून कुठल्याही बाजूचा समुद्र गाठायचा तर रात्रभराची गाडी. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला खाणी, मधे पॉवर हाऊसच्या चिमण्या आणि उन्हाळा असा, की डांबरात चप्पल रुतून बसते. अशा गावात मी रंगीत माशांचं दुकान टाकलं. आमच्या घरात सगळे शिंपी, नाहीतर सायकल दुरुस्तीवाले. अब्बांनी पहिल्या दिवशी दुकानातल्या टाक्या एकेक करून पाहिल्या आणि शांतपणे विचारलं, "हे खायचे नसतात तं लोक घेतील कायले?"

लोकांनी घेतले. घेतले म्हणून तर दुकान चाललं. आता ते पुतण्या बघतो. मी मागे खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांना न मागितलेले सल्ले देतो. पुतण्या म्हणतो, चाचा, तुमच्या सल्ल्यानं गिऱ्हाईक पळते. पळू दे. दिव्याच्या बाबतीत मी गप्प बसूच शकत नाही.

दिव्याचं प्रकरण थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. गोड्या पाण्याच्या टाकीत दिवा असतो तो आपल्याला मासा दिसावा म्हणून. माशाला त्याची फारशी फिकीर नसते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मात्र माशासोबत कोरल असतं. कोरल दिसतं फुलासारखं, बसतं दगडावर, पण असतो जिवंत प्राणी. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं कोरललाही देतं. म्हणजे टाकीवरचा दिवा ही कोरलची चूल. पेटली नाही तर उपास, भडकली तर सगळं करपलं.

बरं, उजेड कुठलाही चालत नाही. समुद्रात खाली खाली गेलं की तांबडा उजेड आधी संपतो आणि निळा खोलवर पोचतो. म्हणून दिव्यात निळा जास्त, पांढरा बेताचा. पांढरा खरं म्हणजे आपल्या डोळ्यांच्या समाधानासाठी. लहान टाकीला लहान दिवा, पाण्यापासून वीतभर उंच, पहिले काही आठवडे मंद आणि मग हळूहळू वाढवत न्यायचा. दिवा तापणारा नको, कारण पाणी तापवायला आमचा सूर्य पुरेसा आहे. एवढीच विद्या. ती मी गिऱ्हाइकाला चहा संपेपर्यंत सांगायचो आणि गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतःला पाहिजे तेच करायचं.

माजरीच्या कोळसा खाणीतले एक रिटायर मायनिंग सरदार, म्हणजे खाली मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारे, होते. दुकानात आले आणि पिशवीतून खाणीतला टोपीवरचा दिवा काढून काउंटरवर ठेवला. म्हणाले, टाकी द्या, दिवा माझ्याजवळ आहे. सारी जिंदगी जमिनीखाली याच्याच उजेडात काढली, माणूस जगला तर मच्छी काऊन नाही जगणार? मी म्हटलं, काका, तुम्ही खाली उतरताना घरून डबा न्यायचे. कोरलचा डबा दिव्यातूनच येतो. हे त्यांना एकदम पटलं. एलईडी घेऊन गेले. नंतर त्यांच्या घरी गेलो तर एलईडीच्या शेजारी तो टोपीचा दिवाही टांगलेला. विचारलं तर म्हणाले, मच्छीले तुमचा लागते, मले हाच लागते.

भद्रावतीच्या एका कापडवाल्याला गुलाबी दिवा पाहिजे होता, कारण हॉलचे पडदे गुलाबी. कोरलला गुलाबी चालत नाही म्हणून मी घसा कोरडा केला. शेवटी वैतागून म्हटलं, मग पडदे निळे करा. माणूस कापडाचाच व्यापारी, आठ दिवसांत निळे करून मोकळा झाला. ते गुलाबी पडदे त्याच्या सासूबाईंनी दिलेले होते, हे मला त्याच्या बायकोच्या फोनवरून कळलं. ती बाई आजही बाजारात दिसली की मी गल्ली बदलतो.

पण माझी खरी परीक्षा पाहिली ती ऊर्जानगरच्या शोभावहिनींनी.

ऊर्जानगर म्हणजे पॉवर हाऊसची कॉलनी. एकसारखी क्वार्टर्स, एकसारखी कुंपणं, दारात मोटारसायकल आणि कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा थांबा. वहिनींचे मिस्टर देवरावभाऊ तिथे ऑपरेटर. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात दोघंच. वहिनी ब्लाऊज शिवायच्या. त्या एकदा महिला मंडळाच्या ट्रिपमध्ये विशाखापट्टणमला गेल्या होत्या. तिथे मत्स्यालयात त्यांनी काचेमागे पाण्यात उमललेली फुलं पाहिली, म्हणजे कोरलच, आणि बाई तिथेच खिळल्या. बाकीच्या बाया साड्या घ्यायला गेल्या, ह्या काचेला नाक लावून उभ्या. बस सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांना हाताला धरून न्यावं लागलं. तेव्हापासून त्या नवऱ्याला म्हणत होत्या, एकदा दोघं मिळून समुद्रावर जाऊ. देवरावभाऊ हो म्हणायचे, मनापासून म्हणायचे, आणि दर वेळी मधे काहीतरी निघायचं. कधी युनिट बंद पडलं, कधी ओव्हरहॉलिंग, कधी रजा मंजूर झाली तर बदली माणूसच आजारी.

माझ्या दुकानात आल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "रफिकभाऊ, समुद्र तं हे दाखवत नाईत. म्हटलं आपणच घरी आणू."

मी त्यांना दोन फुटी टाकी दिली, क्लाऊन माशांची जोडी दिली आणि दगडावर बसलेलं बटन कोरल दिलं. हे नवशिक्यांचं कोरल. शर्टाच्या बटनाएवढी गोल गोल तोंडं, उजेड मिळाला की उमलतात, अंधार झाला की मिटतात. दुकानात ती हिरवी-नारिंगी मस्त उमललेली होती. वहिनींच्या घरी गेली ती मिटली, आणि मिटलेलीच राहिली.

आता तिथून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. टाकीवर सुरुवातीला होता तो साधा पांढरा दिवा. मी म्हटलं, हा कमी पडतोय, चांगला मागवून देतो, थोडा धीर धरा. धीर वहिनींना होता, देवरावभाऊंच्या एका मित्राला नव्हता. त्याच आठवड्यात कॉलनीतले गणपती उठले, आणि मंडपातला हॅलोजन त्याने आणून वहिनींच्या टाकीवर बसवला. मी गेलो तर अख्खी खोली लग्नाच्या मंडपासारखी लखलखत होती. पाणी हाताला कोमट, काचेवर हिरवंगार शेवाळ, आणि दोन्ही मासे दगडामागे तोंड लपवून बसलेले. मित्र अभिमानाने म्हणाला, आता काऊन नाई उघडत ते पाहू. मी हॅलोजन उतरवला. उतरवताना बोट भाजलं ते वेगळंच.

मग माझा चांगला एलईडी आला. निळा-पांढरा, वीतभर उंच, मंद. मला वाटलं, झालं काम. आठवड्याने गेलो, कोरल मिटलेलं. पाण्यातलं मीठ मोजलं, बरोबर. टाकीतलं पाणी उडून मीठ दाट होतं म्हणून वरून साधं फिल्टरचं पाणी टाकायला सांगितलं होतं, ते त्या रोज टाकत होत्या. दिव्याच्या काचेवर कोळशाची धूळ बसली असेल म्हणून पाहिलं. आमच्याकडे सकाळी पुसलेली वस्तू दुपारी पुन्हा काळी. पण वहिनी ती काच दिवसातून दोनदा पुसायच्या. सगळं जिथल्या तिथे. मासे आता ठीक होते, खात होते. ती बटनं तेवढी तोंड शिवून बसलेली.

इकडे देवरावभाऊंचा धीर सुटत चालला. माणूस चांगला, पण त्यांचा एक हिशेब होता. कूलरचा वारा हॉलच्या ज्या भिंतीवर नेमका येतो, त्या भिंतीला टाकी होती. पूर्वी तिथे त्यांचा झोपायचा दिवाण होता. दिवाण आता कोपऱ्यात गेला होता आणि देवरावभाऊंच्या मते माशांना कूलरची हवा लागून राहिली होती अन् माणूस घामात भिजून राहिला होता. त्यांनी वहिनींना माझ्यादेखत सांगून टाकलं, की दिवाळीचा रंग लागायच्या आत फुलं दिसली तर ठीक, नाही तर टाकी रफिकभाईच्या दुकानात आणि दिवाण आपल्या जागी. वहिनी पदराने टाकीची काच पुसत राहिल्या. मला मात्र घरी जेवण गोड लागलं नाही. दुकान सुरू केल्यापासून टाक्या विकल्या, पण एवढ्या जीवाने कोणी टाकीसमोर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ती टाकी परत आणायला टेम्पो घेऊन मला जायचं नव्हतं.

दसरा झाला. एके दिवशी ऊर्जानगरशेजारच्या दुर्गापूरला एकाची टाकी धुवायचं काम होतं, ते सकाळीच आटोपलं. म्हटलं जवळ आलोच आहोत तर वहिनींकडे डोकावून जाऊ. एरवी मी फोन करून जायचो. त्या दिवशी नाही केला, आणि बरं झालं नाही केला.

दार वहिनींनी उघडलं ते बोटभर. ओठावर बोट ठेवून मला आत घेतलं. बाहेर लख्ख ऊन, आणि आत पाऊल टाकलं तर मिट्ट काळोख. खिडक्यांना जाड ब्लँकेटं, दाराच्या फटीला चादर. कोपऱ्यातल्या दिवाणावर देवरावभाऊ नाईट शिफ्ट करून येऊन झोपले होते आणि त्यांचं घोरणं कूलरच्या आवाजाला मागे टाकत होतं. मी चाचपडत, स्टूलला अडखळत स्वयंपाकघरात पोचलो. वहिनींनी हातानेच बसायला सांगितलं. चहाच्या बरणीचं झाकण उघडलं तेही फडक्यात धरून.

शिफ्टवाल्याचं घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे नवल वाटेल. कॉलनीत सगळीकडे असंच. माणूस दिवसा झोपलेला असला की खिडक्या झाकतात, कुकरची शिट्टी होऊ देत नाहीत, भाजीवाला ब्लँकेट पाहून आपली हाळी पोटातच ठेवतो आणि पुढच्या घरापाशी सोडतो. मुलं तिथे आधी कुजबुजायला शिकतात आणि मग बोलायला. ह्यात कोणाचा जाच नाही. झोप मोडलेला माणूस मशीनसमोर बसला तर काय होईल, हे तिथल्या प्रत्येक बाईला पक्कं माहीत असतं.

मी दबक्या आवाजात विचारलं, टाकीचा लाइट बंद काऊन आहे? वहिनी म्हणाल्या, हे झोपलेत ना. मी विचारलं, मग लावता कधी? त्या म्हणाल्या, हे उठले की. नाईट असली की संध्याकाळी लावते, हे ड्युटीवर गेले की बंद करते, एकटीसाठी काऊन जाळायचा. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारून लावते. सेकंडला हे दोन वाजता जातात, म्हणून सकाळी लावते, अन् रात्री हे आले की जेवण होईपर्यंत पुन्हा. आणि तुमी येता तेव्हा तर लावतेच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे पाहुणा आला की पंखा फुल करतात, पाण्याचा ग्लास आणतात, बैठकीतला मोठा लाइट लावतात. वहिनी त्यात टाकीचा लाइटही लावायच्या. मी फोन करायचो, त्या दिवा लावायच्या, मी येऊन बघायचो तर दिवा चालू. इतक्या फेऱ्या मारल्या, दिवा किती निळा, किती उंच, किती मंद, सगळं तपासलं. तो लागतो कधी, हे विचारायचं सुचलंच नाही. अर्ध्या महाराष्ट्राला उजेड पुरवणाऱ्याच्या घरी उजेडाचा असा घोळ असेल हे कोणाच्या मनात येणार?

मी वहिनींना सांगितलं, की समुद्रात सूर्य रोज एकाच वेळी उगवतो. तुमच्या कोरलला गेल्या आठवड्यात वाटलं दिवस सकाळी उगवतो, ह्या आठवड्यात कळलं की तो संध्याकाळी उगवतो, आणि पुढच्या आठवड्यात दुपारी. उघडायचं कधी आणि मिटायचं कधी, याचा त्याला अंदाजच लागत नाही. म्हणून ते बिचारं मिटूनच बसलंय.

वहिनींनी पातेल्यावरचा हात थांबवला. अंधारातून टाकीच्या दिशेने बघितलं.

"म्हंजे हे बी शिफ्ट ड्युटी करून राह्यलं का, भाऊ?"

असं म्हणून त्या हसायला लागल्या. आवाज होऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून हसल्या, खांदे हलायला लागले. मीही हसलो. मग बघतो तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. मी पातेल्यातल्या चहाकडे बघत बसलो. घरात रोजच्या कामात मिसळून गेलेली गोष्ट कधी कधी अशी चिमुकल्या बटनांमध्ये दिसते, आणि मग माणसाला हसावं की रडावं कळत नाही.

उपाय सोपा होता. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसतो तो टायमर. सकाळी नऊला दिवा लागणार, संध्याकाळी सहाला बंद होणार, घरात कोणी जागं असो की झोपलेलं. देवरावभाऊंच्या सुटीच्या दिवशी तो घेऊन मी गेलो. त्यांना सगळं नीट समजावलं. त्यांनी शहाण्या माणसासारखं ऐकून घेतलं, टायमर हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: नाईट शिफ्टमध्ये मी इथी झोपतो, तेव्हा हा निळा लाइट माझ्या तोंडावर पडणार?

मी म्हटलं, पडणार.

ते म्हणाले, मग नाही जमणार. रात्रभर कंट्रोल रूममध्ये लाल-हिरवे दिवे पाहायचे आणि घरी येऊन निळ्यात झोपायचं. मी सुचवलं की टाकीपुढे पडदा लावू. पण कूलरचा वारा पडदा ठरू देत नव्हता, आम्ही चादर धरून पाहिली. मी टेबलावरचा चिवडा खायला सुरुवात केली, कारण नवरा-बायकोच्या मधे दुकानदाराने कुठे बघावं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुमी आतल्या खोलीत झोपा."

आतल्या खोलीत गव्हाच्या कोठ्या, शिलाई मशीन, आणि कूलर नाही. ऑक्टोबरचा उकाडा आमच्याकडे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही. देवरावभाऊंना वाटलं, त्यांनी चुकीचं ऐकलं.

"मी आत झोपू? मच्छीसाठी?"

"मच्छीसाठी नाई," वहिनी म्हणाल्या. "इतकी वर्षं मी तुमच्या शिफ्टवर राह्यली. पोरगा बी तुमच्या शिफ्टवर वाढला. कधी म्हटलं का काऊन म्हणून? आता दिवाळीपर्यंत तुमी माझ्या शिफ्टवर राहा."

आवाज चढवला नव्हता. उलट नेहमीसारखाच हळू होता. देवरावभाऊ टायमरकडे बघत राहिले. मग उठले आणि स्वतःच सॉकेटमध्ये बसवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रफिकभाई, नऊ म्हंजे नऊलाच लागते ना हा?" मी म्हटलं, मिनिटाचा फरक नाही. त्यांनी दिवाणाचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला लावलं. चौकटीतून दिवाण जाईना, म्हणून तो आडवा-उभा करताना माझी कंबर धरली. मासे विकणाऱ्याच्या धंद्यात हेही येतं.

त्यानंतर मी रोज फोनची वाट बघायचो. कोरल एका दिवसात माफ करत नाही, हे मी वहिनींना सांगून ठेवलं होतं, पण मला स्वतःला ते पटवून घेणं अवघड जात होतं. दोनदा मीच फोन केला. एकदा वहिनी म्हणाल्या, कडेचं एक थोडंसं फुगल्यासारखं वाटते. दुसऱ्यांदा म्हणाल्या, नाई भाऊ, तसंच आहे. पेंटर उद्या येणार आहेत, ह्यांची नाईट आहे, म्हणून मी रात्री फराळाचं करून घेते. मी टेम्पोवाल्याचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून जरा वेळ झाला होता. फोन वाजला. देवरावभाऊंचा होता. मी बसल्या जागी उठून उभा राहिलो. नाईट शिफ्ट करून आलेला माणूस, ह्या वेळी गाढ झोपेत पाहिजे. म्हटलं, आता म्हणणार, टाकी घेऊन जा.

पलीकडून आवाज इतका बारीक आला की पुतण्याला पाण्याचे पंप बंद करायला लावले.

"रफिकभाई, उघडलं."

मी विचारलं, किती?

"सगळंच. हिरवं, नारिंगी. एकदम फुलं. मी चहा घेत बसलो होतो, माझ्या डोळ्यासमोर एक एक करून उघडलं."

मी विचारलं, वहिनी काय म्हणतात?

ते म्हणाले, "ते झोपली आहे. रात्रभर फराळाचं करत होती. टाकीसमोर पाट घेऊन बसली, अन् तिथीच भिंतीला टेकून डोळा लागला. मी तिले दिवसा झोपलेलं कधी पाह्यलंच नाई, रफिकभाई." मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, "उठवू का? मिटून गेलं तं?"

मी म्हटलं, "नका उठवू. टायमर आहे, भाऊ. सहापर्यंत कुठी जात नाई ते."

ते बरं म्हणाले, पण फोन ठेवायचा राहिला. मागून पेंटर आल्याचा आवाज आला, डबा जमिनीवर आपटला, कोणीतरी मोठ्याने विचारलं की भाऊ, टाकी हलवायची आहे का. आणि देवरावभाऊ त्याला कुजबुजत रागावलेले मला स्वच्छ ऐकू आले, की टाकीला हात लावायचा नाही, आधी आतली खोली रंगवा, आणि चपला काढून चाला.